पक्षाघातानंतर विश्रांती किती, हालचाल किती?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६४ वर्षांचे. सात आठवड्यांपूर्वी मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून त्यांची उजवी बाजू गेली. आता घरी आलेत, काठी टेकत खोलीतल्या खोलीत चालतात. हात जेमतेम छातीपर्यंत वर येतो, बोटं मिटतात पण पुरती उघडत नाहीत. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा, तासभर येतात. आई आणि काकांचं म्हणणं, त्यांना दमवू नका, बीपी चढेल आणि दुसरा झटका येईल. तुमचं म्हणणं, जितका व्यायाम जास्त तितके ते लवकर बरे होतील. शेवटी एक ओळ स्वतःबद्दल: वय ३६, काम बैठं, जिमला जायचं मनात आहे, पण वजन उचलताना मेंदूत काही होणार नाही ना, ही धास्ती.

मी मेंदूविकारांच्या रुग्णांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. हा वाद मी घरोघरी ऐकते, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजू त्या एका तासाबद्दलच भांडत असतात. आठवड्याचे तास १६८. त्यातले तीन व्यायामाचे. उरलेल्या १६५ तासांत वडील स्वतःहून किती वेळा उठतात, किती पावलं टाकतात, उजव्या हाताला काही काम मिळतं का, याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते तुमच्या घरातला खरा प्रश्न तोच आहे. फिजिओथेरपिस्ट आल्यावर तासभर घाम गाळायचा आणि ते गेले की पुढच्या भेटीपर्यंत पलंगावर बसून राहायचं, यात काकांची भीतीही खरी ठरत नाही आणि तुमची आशाही.

आधी काकांच्या भीतीबद्दल, कारण ती अगदीच निराधार नाही. झटका आल्यानंतरच्या पहिल्या दिवसात घाई महागात पडू शकते. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘अ‍ॅव्हर्ट’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच देशांतले २,१०४ रुग्ण त्यात होते. त्यातल्या एका गटाला पहिल्या २४ तासांतच उठवून पुन्हा पुन्हा उभं केलं, चालवलं. तीन महिन्यांनी त्या गटातले ४६ टक्के रुग्ण चांगल्या स्थितीत होते, नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्या गटातले ५० टक्के. पण हेही लक्षात घ्या की त्या दुसऱ्या गटाला कोणी झोपवून ठेवलं नव्हतं. तेही साधारण दिवसाभरात उठले होते. फरक होता तो वारंवारतेचा आणि किती वेळ चालवलं याचा. म्हणजे या चाचणीतून ‘झोपून राहा’ असा अर्थ निघत नाही, ‘पहिल्या दिवशी अति करू नका’ एवढाच निघतो. तुमचे वडील त्या टप्प्याच्या खूप पुढे आले आहेत.

सात आठवड्यांनंतर चित्र वेगळं असतं. चालताना वरचं बीपी वाढतं हे खरं, कुणाचंही वाढतं. पण थांबल्यावर ते खाली येतं आणि पुढचे काही तास बऱ्याचदा आधीपेक्षाही कमी राहतं. रोजच्या रोज असं झालं की उच्च रक्तदाब असलेल्यांचं वरचं बीपी सरासरी ५ ते ८ मिलिमीटरने उतरतं. आकडा लहान वाटेल, पण पक्षाघाताच्या कारणांत उच्च रक्तदाबाचा वाटा सगळ्यात मोठा आहे, त्यामुळे तेवढ्या घसरणीलाही मोल आहे. ३२ देशांतल्या सुमारे २७,००० लोकांचा ‘इंटरस्ट्रोक’ हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बदलता येण्याजोगी दहा कारणं मिळून जवळपास ९० टक्के पक्षाघातांचा हिशेब लागतो. शरीराची हालचाल नसणं हे त्या दहांतलं एक, आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर यांच्याशीही त्याचे धागे जुळलेले आहेत. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर जास्त लवचीक राहतं. गोळ्यांची जागा व्यायाम घेत नाही, हे मात्र आईला आणि वडिलांना दोघांनाही स्पष्ट सांगा. ‘आता चालतोय ना, मग रक्त पातळ करायची गोळी कशाला’ हे वाक्य मी ऐकलेलं आहे, आणि ते धोक्याचं आहे.

बसून राहण्याची किंमत मात्र घरात कुणाला दिसत नाही, कारण ती हळूहळू वसूल होते. मांडीचे स्नायू उतरतात, अधू पायाचं हाड विरळ होतं, घोट्यामागची शीर आखडून टाच टेकेनाशी होते. पक्षाघातानंतर माणसाची दमसास टिकवण्याची क्षमता त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या साधारण निम्मी उरलेली असते. शिवाय एक पाय ओढत चालायला नेहमीच्या चालण्यापेक्षा बरीच जास्त शक्ती लागते. म्हणून वडील न्हाणीघरापर्यंत जाऊन आले तरी धापा टाकतात. आईला वाटतं बीपी चढलं. बहुतेक वेळा तो निव्वळ दम असतो, आणि बसवून ठेवल्याने तो पुढच्या महिन्यात आणखी लवकर लागणार असतो.

पण ‘बहुतेक वेळा’ यावर विसंबायचं नाही, मोजायचं. आणि इथे काही गोष्टी अशा आहेत ज्या तुमच्या प्रश्नात नाहीत आणि ज्यांवर माझं उत्तर बदलेल. झटका नेमका कशामुळे आला? हृदयाचे ठोके अनियमित असतील, मानेतली धमनी अरुंद झाली असेल, हृदयाचं पंपिंग कमी असेल, तर व्यायामाची मर्यादा तुमच्या डॉक्टरांनीच घालून द्यायला हवी. मेंदूत रक्तस्राव झाला असता तर मी बीपीबद्दल आणखी कडक राहिले असते. मधुमेह आहे का, त्यासाठी साखर खूप खाली आणणारी औषधं चालू आहेत का, छातीत दुखण्याचा इतिहास आहे का, झटक्याआधी ते किती चालत होते, हे सगळं धरावं लागतं. खाली जे लिहितेय ते ‘हृदय ठीक, बीपी औषधांनी आटोक्यात, डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिलेली’ असं गृहीत धरून आहे.

घरी बीपीचं यंत्र असू द्या. व्यायामाआधी पाच मिनिटं शांत बसवून चांगल्या हातावर, म्हणजे डाव्या, मोजा. १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नको, पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना कळवा. व्यायाम किती जोरात करायचा हे ठरवायला नाडीवर अवलंबून राहू नका. बीपीच्या काही गोळ्या नाडी दाबून ठेवतात, त्यामुळे नाडी ९० दिसली तरी माणूस पुरता थकलेला असू शकतो. सोपी खूण बोलण्याची: चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. उजव्या बाजूच्या पक्षाघातात बोलण्यावर परिणाम झालेला असतो असं पुष्कळदा दिसतं. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. बोलणं अडत असेल तर ही खूण निरुपयोगी, मग एका कागदावर ‘सोपं’, ‘थोडं जड’, ‘जड’, ‘फार जड’ असे चार चेहरे काढा आणि त्यांना बोट ठेवायला सांगा. ‘थोडं जड’वर काम चालू ठेवायचं. छातीत दाटणं, घेरी, अंधारी, बोलता न येण्याइतकी धाप यांतलं काही झालं तर लगेच थांबवायचं.

आता त्या १६५ तासांकडे येते. घरी गेले की मी रुग्णाला तपासण्याआधी ते खुर्चीतून कसे उठतात ते बघते. नव्वद टक्के गोष्टी तिथेच कळतात. तुम्हीही आज बघा, फक्त मदत न करता. बहुधा असं दिसेल: उजवं पाऊल पुढे सरकलेलं, टाच अर्धवट टेकलेली, डावं पाऊल मागे घेतलेलं. डाव्या हाताने खुर्चीचा दांडा ओढत ते डाव्या पायावर सगळा भार टाकून उठतील, उजवा पाय नुसता सोबतीला येईल. आई पुढे होऊन काखेत हात घालेल. यात उजव्या पायाने काहीच केलेलं नसतं. दिवसातून वीस वेळा ते उठत असतील तर वीस वेळा त्या पायाला ‘तुझी गरज नाही’ हेच शिकवलं जातंय.

हे बदलता येतं. पक्क्या, न सरकणाऱ्या, थोड्या उंच खुर्चीत बसवा. खुर्ची भिंतीला टेकलेली, समोर एक जड टेबल. दोन्ही टाचा जमिनीवर, आणि उजवं पाऊल डाव्यापेक्षा अर्धा पाऊल मागे. हा मागे-पुढेचा फरकच सगळं काम करतो, कारण मागच्या पायावर भार पडल्याशिवाय उठताच येत नाही. दोन्ही हात एकमेकांत गुंफून टेबलावर पुढे सरकवायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाकायचं आणि मग उठायचं. तुम्ही उजव्या बाजूला बसा आणि तळहात त्यांच्या उजव्या गुडघ्यावर ठेवून हलकेच खाली आणि पुढे दाबा. वर ओढू नका. उठताना बाजूला झुकले तर थांबवून पुन्हा. खाली बसताना धपकन नाही, सावकाश, तीनपर्यंत मोजत. पाच वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा पाच. दिवसातून चार-पाचदा. जमायला लागलं की उंची कमी करत जायची. हा व्यायाम मांडीचा, तोलाचा आणि दमसासाचा एकदमच होतो, आणि त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही. जेवायला, न्हाणीघरात जायला, पाहुणा आला की असे ते दिवसभर उठतच असतात.

चालण्याचंही तसंच. एकदम अर्धा तास चालवून दमवण्यापेक्षा पाच मिनिटांच्या फेऱ्या दिवसभर विखरून घ्या. पक्षाघातानंतरच्या रुग्णांसाठी शिफारस आठवड्यातून तीन ते पाच दिवस, २० ते ६० मिनिटांच्या मध्यम दमाच्या व्यायामाची आहे, आणि ती मिनिटं तुकड्यांत घेतलेली चालतात. सोबत दोन-तीन दिवस ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. प्रगती डोळ्यांनी कळत नाही, म्हणून दहा मीटर अंतर आखून घ्या आणि दर आठवड्याला तेवढं चालायला किती सेकंद लागतात ते लिहा. २५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर माणूस घरापुरता चालतो. साडेबारा सेकंदांच्या आत आलं की बाहेर बऱ्यापैकी स्वतंत्र फिरू शकतो. मधल्यांना बाहेर सोबत लागते. पाऊल घासत असेल, बोटं अडकत असतील, तर पावलाला आधार देणारी पट्टी किंवा स्प्लिंट लागेल का ते फिजिओथेरपिस्टना विचारा. पडण्याचं प्रमाण या रुग्णांत खूप असतं, आणि एकदा पडलेला माणूस भीतीनेच बसून राहतो. सैल चपला, सरकणारी पायपुसणी, रात्रीचा अंधार, या तीन गोष्टींचा बंदोबस्त आजच करा.

तुमच्या नातेवाइकांपैकी कुणी महागड्या यंत्रावर चालवण्याचा सल्ला देईल, म्हणून तेही सांगते. २०११ साली अमेरिकेतल्या ‘लीप्स’ चाचणीत ४०८ रुग्ण होते. काहींना वरून पट्ट्यांनी आधार देऊन ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली घरीच ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम हळूहळू वाढवत दिले. वर्षअखेरीस दोन्ही गट चालण्यात सारखेच सुधारले. घरी नीट केलेलं काम कमी प्रतीचं नसतं.

हाताबद्दल मला जास्त जपून बोलावं लागेल. पाय भार घेतो, तो वापरावाच लागतो. हाताचं तसं नाही, डावा हात सगळं उरकून टाकतो आणि उजवा मांडीवर पडून राहतो. मेंदूची नवी जुळणी पुनरावृत्तीवर चालते, आणि ती किती लागते याचा अंदाज घरच्यांना नसतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात पुनर्वसनाच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या सरासरी फक्त ३२ पुनरावृत्त्या होत असल्याचं दिसलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला रोज शेकड्यांनी लागल्या होत्या. म्हणजे फिजिओथेरपिस्ट कितीही चांगले असले तरी तेवढ्या तासात हात पूर्ण होत नाही.

चांगला हात बांधून ठेवून दुबळ्या हाताकडूनच सगळं करून घेण्याची पद्धत तुम्ही वाचली असेल. ती खरोखर उपयोगी आहे. २००६ सालच्या ‘एक्साइट’ चाचणीत दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा वर्षभरानंतरही टिकला होता. पण त्यात निवडलेल्या रुग्णांना मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडता येत होती. तुमच्या वडिलांची बोटं पुरती उघडत नाहीत, म्हणून आज घरच्या घरी डावा हात बांधू नका. त्यातून नुसता वैताग येईल आणि तोल गेला तर सावरायलाही हात उरणार नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं स्वतःहून उघडायला लागली की फिजिओथेरपिस्टशी हा विषय काढा. तोवर उजव्या हाताला आधाराचं काम द्या: वाटी धरून ठेवणं, कागद दाबून धरणं, टॉवेल टेबलावर पुढे-मागे सरकवणं, दरवेळी बोटं उघडण्याचा प्रयत्न करून मग पकडणं. आणि आईला एक विनंती. त्या शर्टाची बटणं लावून देतात, प्रेमानेच देतात, पण खालची दोन बटणं वडिलांसाठी सोडा. दहा मिनिटं लागू देत. डाव्या हाताने बटण, उजव्याने शर्टाची कड धरलेली. त्या दहा मिनिटांत जे होतं ते माझ्या चेंडू दाबण्याच्या व्यायामात होत नाही.

खांदा मात्र जपा. उजवा हात धरून कधीच उठवू किंवा ओढू नका. स्नायू ढिले असताना खांद्याचा सांधा खाली उतरतो आणि मग जो दुखरा खांदा होतो तो महिनोन्‌महिने सगळं पुनर्वसन अडवून धरतो. कप्पीला दोरी बांधून हात वर ओढण्याचा व्यायाम कुणी सुचवला तर करू नका. बसलेले असताना हात उशीवर किंवा टेबलावर टेकलेला असावा, लोंबकळता नसावा.

तुमच्या ‘जितकं जास्त तितकं चांगलं’लाही इथे एक अट लावते. पक्षाघातानंतरचा थकवा हा नुसता स्नायूंचा नसतो, मेंदूचाही असतो, आणि तो आळस नाही. सकाळी झोप झाल्यावर अवघड काम, दुपारी सक्तीची विश्रांती, संध्याकाळी हलकी फेरी, असा दिवस बांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अजून थकलेले असतील तर आदल्या दिवशी जास्त झालं, थोडं कमी करा, बंद करू नका. उत्साहच उरला नाही, रडू येतं, जेवण तुटलं असं दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना या काळात नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. तुम्ही त्याच काळात आहात, म्हणून मी एवढं तपशिलात लिहितेय. सहा महिन्यांनंतर दार बंद होतं हे मात्र खरं नाही, चालणं आणि दमसास त्यानंतरही सुधारतात.

आता तुमचं. ३६ व्या वर्षी व्यायामाने पक्षाघात येईल ही भीती सोडा आणि आधी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. वडिलांना झटका आल्यामुळे तुमचा धोका थोडा वाढतो आणि तिशीतला उच्च रक्तदाब काहीच त्रास देत नाही, म्हणून तो सापडत नाही. धूम्रपान करत असाल तर ते थांबवणं जिमपेक्षा आधी. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि दोन दिवस ताकदीचे. भरभर चालण्याने सुरुवात करा. वजन उचलताना श्वास कोंडून जोर लावला की बीपी क्षणभर फार उंच जातं, म्हणून उचलताना श्वास सोडायचा आणि दहा-पंधरा वेळा जमेल इतकंच वजन घ्यायचं. बीपी आधीच चढलेलं असेल किंवा घरात कुणाच्या मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा असल्याचं निदान झालेलं असेल, तर जड वजनांआधी डॉक्टरांशी बोला. आणि संध्याकाळच्या तासाभराच्या जिमने दिवसभराचं बसणं पूर्ण फिटत नाही, अर्ध्या-पाऊण तासाने उठून चाला.

दुसऱ्या झटक्याची भीती काकांना वाटते, तर त्यांच्याकडे ही जबाबदारी द्या: लक्षणं पाठ असणं. अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाएकी तोल जाणं, नजर जाणं, कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखणं. वडिलांचा उजवा हात आधीच अधू आहे, तेव्हा ‘कालपेक्षा अचानक वाईट’ हेही लक्षणच. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून शेवटचे नीट कधी दिसले ती वेळ लिहून ठेवा आणि थेट मेंदूच्या स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. तोंडाने काही देऊ नका, पाणी नाही, अ‍ॅस्पिरिन नाही, कारण रक्तस्राव असला तर अ‍ॅस्पिरिनने तो वाढेल आणि गिळणं बिघडलेलं असलं तर पाणी फुप्फुसात जाईल. लक्षणं दहा मिनिटांत ओसरली तरी न्यायचंच. असा ओसरलेला झटका पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा इशारा असतो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून या: गुठळी कुठून आली असं त्यांना वाटतं, बीपी कितीच्या खाली ठेवायचं, आणि हृदयाच्या दृष्टीने दम लागेपर्यंत चालायला मोकळीक आहे का. दहा मीटरचे सेकंदही मोजून ठेवा. ही चार उत्तरं इथे कळवलीत तर पुढच्या सहा आठवड्यांचं वेळापत्रक मी नेमकेपणाने सुचवू शकेन, आणि ते तुमच्या फिजिओथेरपिस्टना दाखवूनच सुरू करा, कारण वडिलांना त्यांनी हात लावून तपासलंय, मी नाही.